मधला टेकू

लोहाऱ्याच्या मुजफ्फर मिस्त्रीनं आजवर किती स्लॅब उभे केले, हे त्याला स्वतःलाही सांगता यायचं नाही. उमरग्याकडून नळदुर्गाकडं हायवेनं निघालात तर दोन्ही अंगांची दुकानं, ढाबे, शाळांच्या खोल्या, मंगल कार्यालयं यांतली कितीतरी छपरं ओली होती तेव्हा त्याच्या लाकडी बल्ल्यांच्या टेकूवर उभी होती. सेंटरिंगचं काम म्हणजे दुसरं काय? काँक्रीट वाळेपर्यंत छपराला खालून धरून ठेवायचं आणि वाळलं की अलगद सोडून द्यायचं. धरण्यात मुजफ्फरचा हात धरणारा कुणी नव्हता. सोडण्याची मात्र त्याची स्वतःची एक तऱ्हा होती, आणि तिच्यापायीच तो चार गावांत जास्त ओळखला जायचा.

बाकीचे मिस्त्री छपराखाली शिरतात, हातोडा घालून पाचर उडवतात, बल्ली सुटली की बाजूला होतात. मुजफ्फर काय करायचा, तर काँक्रीट पडायच्या आधीच प्रत्येक बल्लीच्या बुडाला दोरी बांधून ठेवायचा. सोडायच्या दिवशी दोरीचं टोक धरून पार अंगणात उभा राहायचा आणि तिथून हिसडा मारायचा. बल्ली धाडकन पडायची, धुरळा उडायचा, मालकाच्या घरातली म्हातारी माणसं दचकून उठायची. लोक त्याला ‘दोरीवाला’ म्हणायचे. तोही हसून ओ द्यायचा.

याच्यापुढची गोष्ट ऐकली तर नवा माणूस तोंडात बोट घालतो. स्वतःच्या घराचा स्लॅब मुजफ्फरनंच टाकलेला, चांगला तुळतुळीत. त्या घरात त्याची बायको रुकसाना झोपते, लेक मिनाज झोपते, आणि हा गडी अंगणात लिंबाखाली बाजेवर. थंडीत दोन वाकळा, पावसाळ्यात बाजेवर ताडपत्री. जेवायलासुद्धा उंबऱ्याशी, तोंड दाराकडं करून. लग्न होऊन वीसेक वर्षं झाली, पोर कॉलेजात गेली, पण मुजफ्फर छपराखाली डोळा मिटून पडला आहे असं कुणी पाहिलेलं नाही.

रुकसाना तोंडाची फटकळ. घरी दोघं दखनीत बोलतात, इथं मराठीत सांगायचं तर ती शेजारणींना म्हणायची, “लोकांच्या नवऱ्यांना बाहेरचा नाद असतो. माझ्या नवऱ्याला बाहेरची बाज.” शेजारणी खो खो हसायच्या, तीही हसायची. पण मागच्या थंडीत तिला तापानं घेरलं. अंग भट्टी झालेलं. मुजफ्फर आत यायचा, पाणी पाजायचा, कपाळावरची पट्टी बदलायचा आणि घामाघूम होऊन पुन्हा बाहेर पळायचा. खिडकीच्या गजाला धरून बाहेरूनच विचारायचा, “बरं वाटतंय का?” आठवडाभर त्यानं तिची खिडकीतून सेवा केली. ती बरी झाली आणि मग मात्र त्या बाजेवरून एक शब्दही चेष्टेनं बोलली नाही. ते न बोलणं मुजफ्फरला फार लागलं.

कारण सगळ्यांना माहीत होतं. किल्लारीच्या भूकंपात सास्तूरकडचं त्याचं गाव बसलं, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. आदल्या दिवशी गावानं गणपती शिरवलेला. पोरं नाचून नाचून दमली, आणि मुजफ्फर घरापर्यंत न पोचता दारातल्या बैलगाडीतच कडब्यावर आडवा झाला. पहाटे जमीन हलली. तो गाडीतून खाली फेकला गेला आणि उठून बघतो तर घराच्या जागी दगडमातीचा ढीग. आई सायराबी आणि धाकटी बहीण त्या ढिगाखाली. बाप रानात राखणीला होता म्हणून वाचला, पण तोही पुढं फार दिवस काढू शकला नाही.

मग पत्र्याची शेडं आली, नवी गावं बसली, जिकडं तिकडं बांधकामं निघाली. पोरक्या पोराच्या हाताला काम हवंच होतं, ते सेंटरिंगचं मिळालं. ज्या छपरानं आई नेली तीच छपरं धरायचा धंदा नशिबी आला, असं लोक हळहळून म्हणत. मुजफ्फरला तसं वाटत नसे. धरायला तो भीत नव्हताच. हात सोडला की भीती सुरू व्हायची.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या वाट्याला ते छप्पर आलं.

नळदुर्गच्या अलीकडं, अणदूरच्या शिवेजवळ एका माळावर जुन्या वस्तूंचं नवं संग्रहालय बांधायचं निघालं. रानात नांगराला लागलेल्या मूर्ती, वीरगळ, विहिरीच्या गाळात सापडलेली नाणी, तोफेचे गोळे, जाती, मोटा, घोंगड्याचे माग, असं सगळं एका जागी ठेवायचं. आराखडा पुण्याच्या एका आर्किटेक्टचा. ते छप्पर उभं कसं राहायचं याचा हिशेब मात्र भुवनेश्वरी मॅडमचा. ही उमरग्याकडचीच, तिशीतली बाई. कपाळावर हेल्मेटचा वळ, पायात बूट, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण अडाणी आहोत असं एकदाही वाटू नये.

आराखडा उलगडला तेव्हा मुजफ्फरचा जोडीदार बजरंग कितीतरी वेळ त्याच्यावर वाकून होता. बजरंग अणदूरचा, मुजफ्फरबरोबर पोरपणापासून कामाला. शेवटी डोकं खाजवत म्हणाला, “मॅडम, मधले खांब काढायचे राहिलेत वाटतं.”

“नाहीतच,” भुवनेश्वरी म्हणाली.

“मग कडंला भिंती?”

“त्याही नाहीत. काचा आहेत.”

एवढा मोठा हॉल, दोन लग्नं एका वेळी लागतील असा. वर छप्पर एकच, फुगून वर उचललेलं, आणि जमिनीला टेकतं ते फक्त चार कोपऱ्यांत. दोन कोपऱ्यांच्या मधे चारी बाजूंनी कमानी वर गेलेल्या, तिथून उजेड आत यायचा. मूर्तीच्या पाठीशी भिंत नको, तिच्याभोवती माणसाला हिंडता आलं पाहिजे, तिच्या अंगावर सकाळचा उजेड एका बाजूनं आणि संध्याकाळचा दुसऱ्या बाजूनं पडला पाहिजे, असं आर्किटेक्टचं म्हणणं. आणि छपराची जाडी? भुवनेश्वरीनं पंजा आडवा धरून चार बोटं दाखवली. “माथ्यावर एवढीच. कोपऱ्यांकडं वाढत जाईल.”

बजरंगनं मुजफ्फरकडं पाहिलं. मुजफ्फर हळूच म्हणाला, “न्हाय टिकायचं.”

भुवनेश्वरीनं वाद घातला नाही. साइटच्या ऑफिसात तिनं एक जुनी ओढणी आणली, तिचा चौकोनी तुकडा फाडला आणि चार टोकं चार खुर्च्यांना बांधली. मधे झोळी पडली. मग प्लास्टर ऑफ पॅरिसच्या रबडीत ते कापड चिंब केलं आणि म्हणाली, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी झोळी कडक झाली होती. तिनं गाठी सोडल्या, झोळी उचलली आणि उलटी करून फरशीवर ठेवली. आराखड्यातलं छप्पर, हुबेहूब, फरशीवर उभं राहिलं.

“कापड लटकतं तेव्हा ते आपला आकार आपणच शोधतं,” ती सांगू लागली. “त्याच्या अंगात तेव्हा फक्त ताण असतो. तेच उलटं केलं की ताणाच्या जागी फक्त दाब येतो. आणि काँक्रीटला दाबाची भीती नाही. बजरंगराव, ठेवा वीट.”

बजरंगनं खंडोबाचं नाव घेत माथ्यावर वीट ठेवली. चारी पाय फरशीवरून बाहेर सरकले, कट् आवाज झाला आणि छप्पर मधोमध फाटून खाली बसलं.

मुजफ्फर दोन पावलं मागं गेला. कुणाला काही कळायच्या आत तो दाराबाहेर होता. आतून त्याला मॅडमचं हसणं ऐकू आलं, आणि त्याला तिचा रागच आला.

“मुजफ्फरभाई, या ना आत,” ती दारात येऊन म्हणाली. “मला हेच दाखवायचं होतं. छप्पर दाबानं मोडलं नाही. पाय फाकले म्हणून मोडलं.”

तिनं दुसरी झोळी आधीच करून ठेवली होती. या खेपेला तिनं चारी पायांना आडवी-उभी सुतळी बांधली, पाय एकमेकांपासून लांब जाऊ नयेत अशी. बजरंगनं वीट ठेवली. मग दुसरी. मग स्वतःच्या हिमतीवर तिसरी. छप्पर हललंसुद्धा नाही. मुजफ्फर दारातूनच पाहत होता. कधी आत आला ते त्यालाही कळलं नाही. त्यानं विटा उतरवल्या आणि ते छप्पर तळहातावर घेतलं. ज्वारीच्या भाकरीपेक्षा पातळ होतं ते! सुतळीवर बोट फिरवत त्यानं विचारलं, “खऱ्या इमारतीत ही सुतळी कुठं?”

“जमिनीखाली. चार पाय जमिनीच्या आतून एकमेकांना धरून असतील. फरशी बसली की कुणाला दिसणार पण नाही.”

त्या दिवशी जेवताना मुजफ्फर मिनाजला हातवारे करून झोळी कशी उलटी होते ते सांगत राहिला. रुकसाना आतून म्हणाली, “जुन्या जात्यांसाठी एवढा थाट! माझं जातं पण नेऊन ठेवा तिथं.” पण तीही ऐकत होती.

काम सुरू झालं. काळी माती उकरून टाकून मुरमाखालच्या खडकापर्यंत चार पाय उतरवले. पायांना एकमेकांशी बांधणारे, जाड सळ्यांचे काँक्रीटचे पट्टे जमिनीत ओतले. ओतण्याआधी सळ्यांभोवतीच्या प्रत्येक रिंगेचं टोक पुरतं आत वळवलेलं आहे की नाही, हे भुवनेश्वरी उकिडवी बसून, बोटानं चाचपून बघायची. मग मुजफ्फरची पाळी. वाकडं छप्पर म्हणजे प्रत्येक टेकू वेगळ्या उंचीचा. इथं लाकडी बल्ल्या चालणार नव्हत्या. आट्यांचे लोखंडी जॅक आले, फिरवले की वरखाली होणारे. त्यांच्या डोक्यावर फळ्यांचा डोंगर रचताना हाताखालच्या पोरांच्या नाकी नऊ आले. तोवर मुजफ्फर त्या जंगलात बिनधास्त हिंडत होता. वर वजन नव्हतं, नुसती फळकुटं होती.

काँक्रीट पडलं त्या दिवशी चारी कोपऱ्यांतून एकदमच वर चढत जायचं होतं, एक बाजू दुसरीच्या पुढं जाऊ द्यायची नाही. पोरं दिवसभर धावली. माथा भरला आणि मुजफ्फर जो बाहेर आला, तो पुन्हा आत गेला नाही. महिनाभर छपरावर गोणपाटं ओली ठेवली, पाणी मारलं. तो लांबून बघायचा.

मग सोडायचा दिवस ठरला, आणि घोळ तिथंच झाला.

सवयीनं मुजफ्फरनं पोरांकडून दोऱ्या मागवल्या. भुवनेश्वरीनं दोऱ्यांचं भेंडोळं पाहिलं आणि मान हलवली. “दोरी नाही चालायची, मुजफ्फरभाई. हिसडा बसला तर भार एका जागी एकदम जाईल आणि तिथं तडा पडेल. हे छप्पर हळूहळू सोडायचं. मधल्या जॅकपासून सुरुवात. अर्धा फेरा मधला, मग त्याच्या भोवतीचे, मग त्यांच्या बाहेरचे, कडेपर्यंत. पुन्हा मधला अर्धा फेरा. असं करत करत ते आपल्या पायावर उभं राहील.”

म्हणजे सगळ्यांनी छपराखाली उभं राहायचं.

“मधला बजरंग घेईल,” मुजफ्फर म्हणाला.

बजरंग एरवी चेष्टेखोर, पण तेव्हा त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. सेंटरिंगवाल्यांची एक जुनी रीत आहे. मधला टेकू मिस्त्रीनंच काढायचा. ज्यानं छप्पर धरलं त्यानंच पहिल्यांदा सोडायचं. तो तिथं उभा राहिला तरच पोरं बाकीच्यांना हात लावणार. मुजफ्फरनं ही रीत कधी मोडली नव्हती, फक्त दोरीच्या लांबीनं ती पाळली होती.

“मुजफ्फर, तुझ्यासाठी म्या कायबी करीन,” बजरंग म्हणाला, “पर मधल्याला हात लावणार न्हाय. आन् तू आत न्हाय म्हटल्यावर पोरंबी जायची न्हाईत. तुला ठाव हाय.”

मुजफ्फर दगडाच्या ढिगावर जाऊन बसला. काही वेळानं भुवनेश्वरी येऊन शेजारी बसली. तिला भूकंपाचं उडत उडत ठाऊक होतं. ती विचारायला आली नव्हती, पण त्यानंच बोलायला सुरुवात केली.

“मॅडम, आमच्या घरावर माळवद होतं. सागाच्या तुळया, त्यावर लाकडाच्या चिपांचा किलचा, त्यावर माती. दर साली मिरगाच्या आधी गळू नये म्हणून वर नवी पांढरी माती टाकायची. म्या पाट्या वाहायचो, आई धुमसानं ठोकायची. लई जीव लावून ठोकायची. गळालं न्हाय पाहिजे, लेकरं भिजली न्हाय पाहिजेत. जुनी माती काढायची न्हाय, वर नवी टाकायची. आजीच्या टायमाची माती, तिच्यावर आईची. शेवटी केवढा थर झाला आसंल?”

भुवनेश्वरीनं एक हात मांडीशी, दुसरा छातीशी धरून तेवढी जाडी पाहिली आणि हात खाली घेतले. “वजन होतंच,” ती म्हणाली. “पण नुसतं वजन नव्हतं. दगडमातीच्या रुंद भिंती होत्या, त्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांनी एकमेकांना धरलेलं नव्हतं. त्या फाकल्या. ते तुमच्या आईला माहीत नव्हतं. त्या वेळी गावात कुणालाच माहीत नव्हतं. पाणी आत येऊ नये हे त्यांना माहीत होतं, आणि तेवढं त्यांनी नीट केलं.”

मुजफ्फरनं समोरच्या छपराकडं बोट केलं. “आन् हे? जमीन हलली तर?”

आजवर हा प्रश्न त्यानं पुष्कळांना विचारला होता. कंत्राटदारांना, मालकांना, सरकारी साहेबांना. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं: काही होत नाही हो. त्या उत्तरावर त्याचा काडीचा भरवसा नव्हता.

“हलेल,” भुवनेश्वरी म्हणाली. “हे छप्परही हलेल. मी त्या हलण्याचाच हिशेब केलाय. वजन कमी आहे म्हणून झोका कमी बसेल. चारी पाय बांधलेत, ते बरोबर हलतील. फार मोठा धक्का आला तर भेगा पडतील, काचा फुटतील. पण एकदम खाली बसू नये, माणसाला बाहेर पडायला वेळ मिळावा, असं केलंय. भेगाच पडणार नाहीत असं मी सांगणार नाही. ते मला ठाऊक नाही.”

मुजफ्फरनं छपराकडं एकदा पाहून घेतलं. मग उठला, गाडीला किक मारली आणि घरी गेला. पण त्याच्या डोक्यातून ते ‘हलेल’ जाईना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी त्याला खरं सांगितलं होतं.

संध्याकाळी उंबऱ्यावर बसून त्यानं रुकसानाला सगळं सांगितलं. उद्या मला जमेल असं वाटत नाही, हेही सांगितलं. रुकसाना तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघताच म्हटलं, “मी उद्या सगळ्यांना गोडा भात घेऊन येते. तुम्ही आत असलात तर आत वाढीन. बाहेर असलात तर बाहेर वाढीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं आपापल्या जॅकपाशी जायला तयार, पण कमानीबाहेरच घुटमळत उभी. बजरंगनं नारळ फोडला, मुजफ्फरनं हात पसरून दुआ मागितली. मग कुणीच हलेना. भुवनेश्वरी आत चालत गेली आणि बरोबर माथ्याखाली, मधल्या जॅकजवळ, छप्पर किती खाली येतं ते मोजायच्या काट्यापाशी उभी राहिली. तिच्या डोक्यावर तिचंच छप्पर होतं.

मुजफ्फर कमान ओलांडून आत गेला. खोटं कशाला सांगावं, तो छाती काढून वगैरे गेला नाही. वाकून, खांदे आवळून, कुणी मारायला उठल्यासारखा गेला. मधला जॅक त्यानं दोन्ही हातांनी धरला आणि ओरडला, “आर्धा फेरा!”

आट्या करकरल्या. त्याच्या पाठोपाठ भोवतीच्या पोरांनी फेरा दिला, मग बाहेरच्यांनी. भुवनेश्वरी काटा वाचायची आणि मान हलवायची. पुन्हा मधला. पुन्हा भोवतीचे. असं चाललं असताना अचानक वरून कडाड् असा आवाज आला.

पोरं जॅक सोडून बाहेर पळाली. बजरंग सगळ्यात पुढं. हा आवाज मुजफ्फरच्या ओळखीचा होता. तीस वर्षं तो त्याच आवाजाला भिऊन उघड्यावर झोपत आला होता. त्यालाही पळायचं होतं, पण पायच हलेनात. जॅक हातात तसाच. त्यानं भुवनेश्वरीकडं पाहिलं. ती वर बघतसुद्धा नव्हती. तिचे डोळे काट्यावर होते.

“फळी सुटली काँक्रीटपासून,” ती म्हणाली. “छप्पर आपलं अंग सोडवून घेतंय. काटा जागेवर आहे. मुजफ्फरभाई, मी इथंच आहे.”

त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. त्यानं पुढचा अर्धा फेरा दिला. मग जमेल तेवढ्या मोठ्यानं ओरडला, “या रं आत! फळकूट हाय ते! या!”

एकेक करत पोरं आली. बजरंग मान खाली घालून आला आणि आपल्या जॅकपाशी गुपचूप उभा राहिला. फेरे पुन्हा सुरू झाले. आणि मग एका फेऱ्याला मुजफ्फरच्या हातातला जॅक हलका झाला. त्यानं तो हलवून पाहिला. तो डुलला. वरची फळी माथ्यापासून सुटली होती, आणि तिच्या वर जे होतं ते कुणीही धरलेलं नव्हतं. त्यानं दोन्ही हात सोडले.

भुवनेश्वरीनं काटा पुन्हा पुन्हा वाचला. मग हेल्मेट काढलं, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “उभं आहे.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढा हिशेब करूनही तिचाही जीव टांगणीला लागला होताच की!

पोरांनी मधले जॅक बाजूला केले, मधल्या फळ्या उतरवल्या. जसजशी फळी निघत गेली तसतसं छप्पर दिसत गेलं. फळ्यांच्या लाकडाच्या रेषा काँक्रीटवर उमटलेल्या, गाठींसकट, चार कोपऱ्यांकडून वर चढत माथ्यावर येऊन मिळालेल्या. कमानींतून माळावरचं ऊन आत येऊन त्या रेषांवर चढलं होतं. मुजफ्फर मान उंचावून बघत राहिला. एवढं मोठं छप्पर डोक्यावर होतं आणि त्याचं वजन कुठं गेलं ते कळत नव्हतं. ते त्याच्यावर नव्हतं. चारी दिशांनी उतरून, त्याच्या पायाखालून एकमेकांना धरून ते जमिनीत गेलं होतं. असंही छप्पर होऊ शकतं, ही गोष्ट आईला दाखवता आली नाही याचं त्याला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं. त्यानं ते पुसलं नाही.

जेवणाची सुट्टी झाली. काम थांबलं, पोरं हातपाय धुवायला टाकीकडं गेली. तेवढ्यात रिक्षातून गोड्या भाताचं पातेलं घेऊन रुकसाना आणि मिनाज उतरल्या. पंगत मांडली, पानं वाढली, आणि लक्षात आलं की मिस्त्री नाही. टाकीपाशी नाही, गाडीपाशी नाही, दगडाच्या ढिगावरही नाही. बजरंग शोधत शोधत कमानीतून आत डोकावला आणि तिथंच थांबला. त्यानं हातानंच रुकसानाला बोलावलं.

छपराच्या माथ्याखाली, उतरवलेल्या फळ्यांवर, डोक्याखाली गोणपाटाची घडी घेऊन मुजफ्फर गाढ झोपला होता. तोंड किंचित उघडं, एक हात छातीवर, एक पसरलेला. घोरत होता.

“भात गार व्हायलाय, वहिनी,” बजरंग हळू आवाजात म्हणाला. “उठवू का त्याला?”

रुकसाना चपला बाहेर काढून आत गेली, त्याच्या उशाशी फळीवर बसली आणि पदरानं त्याच्या तोंडावरची माशी वारली.

“नका उठवू, भाऊजी,” ती म्हणाली. “छपराखाली झोपलेला माझा नवरा मी अजून बघितला नाही. बघू द्या की जरा.”